सातव्या अंकाची मधली पानं

मिस्त्रीच्या घरी पाहुणा आला की त्याला आधी पाणी मिळे, मग चहा, आणि मग कपाट दाखवलं जाई. पाण्याला आणि चहाला नको म्हणायची सोय होती, कपाटाला नव्हती.

ते कपाट त्याने सुताराला मापं देऊन खास करून घेतलं होतं, कारण बाजारातल्या कुठल्याच कपाटात त्याची पुस्तकं मावत नव्हती. लोहपंख नावाच्या, लोखंडी पंखांच्या एका वीराच्या त्या चित्रकथा. साध्या आकाराच्या नव्हेत, मोठ्या. एकेक पुस्तक उघडून जमिनीवर पसरलं तर सहा वर्षांचं पोर त्यावर मुटकुळं करून झोपेल एवढं. मिस्त्रीच्या लहानपणी असे बारा अंक निघाले आणि मग छापणाऱ्याने हात टेकले. आता मिस्त्री सत्तावन्न वर्षांचा होता. पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली, बोटांच्या पेरांतलं ग्रीस काही केल्या जात नसे. पण कपाटाला हात लावायच्या आधी हा गृहस्थ साबणाने दोनदा हात धुई. "जेवताना एकदा धुतात, ते पण मी ओरडल्यावर," असं त्याची बायको पाहुण्यांना सांगत असे.

बारापैकी अकरा अंक कपाटात होते. सातवा नव्हता. आणि गंमत अशी की लहानपणी याच्याकडे फक्त सातवाच होता. रद्दीवाल्याकडून आईने आणलेला, कव्हराचा एक कोपरा कुरतडलेला. पुढे कधीतरी घर बदलताना तो गेला आणि तेव्हापासून मिस्त्री त्याच्या मागे होता. त्या अंकातला एक प्रसंग तो भेटेल त्याला सांगे. भर लढाईत लोहपंखला खाली एक मुलगा दिसतो. एका उंच जिन्याच्या तळाशी रडत बसलेला. लोहपंख लढाई टाकून खाली उतरतो, पंख मिटतो, त्याच्याशेजारी पायरीवर बसतो आणि म्हणतो, "मलाही उडायच्या आधी रोज भीती वाटते. पण भीतीला खाली एकटं सोडू नकोस. तिचं बोट धर आणि वर ये."

हे वाक्य मिस्त्री पस्तीस वर्षं जगला होता. लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभं राहायचं, पायाखाली दहा-बारा मजल्यांची काळोखी विहीर, आणि हातात पाना. हा माणूस मुळात उंचीला घाबरणारा, हे त्याच्या कंपनीत कोणाला सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं. दर वेळी टपावर पाय ठेवताना तो मनातल्या मनात म्हणे, तिचं बोट धर आणि वर ये. आणि चढे.

शहरातल्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी जुन्या चित्रकथा जमवणारे दहा-बारा जण जमत. सगळे पन्नाशी ओलांडलेले, सगळ्यांच्या बायकांनी हात टेकलेले. त्यांत एक वकील होते. हे वकील कोर्टात किती खटले जिंकत देव जाणे, पण या खोलीत ते एकही हरत नसत. मिस्त्रीने अकरा वर्षं खपून सगळ्या मोठ्या अंकांची एक सूची केली होती, कुठल्या पानावर काय आहे त्याची. तिच्यात सातव्या अंकासमोर त्याने आठवणीवर भिस्त ठेवून लिहिलं होतं: "पान ३६, लोहपंख आणि जिन्याखालचा मुलगा."

"मिस्त्री, मी सातवा अंक शाळेत असताना मित्राकडे वाचलाय," वकील गेल्या बैठकीत म्हणाले. "असलं काही नाही त्यात. तिथे मारामारी आहे."

"तुम्ही पानं गाळून वाचलं असेल."

"मी आयुष्यात पान गाळलेलं नाही. अहो, मी भाडेकरारसुद्धा अखेरपर्यंत वाचतो."

सगळे हसले आणि मिस्त्रीला ते लागलं. त्याच्या नाकावर अशीही माशी बसत नसे. "सातवा अंक मला सापडलाय, मंगळवारी पार्सल येतंय," तो म्हणाला. "पुढच्या बैठकीत छत्तिसावं पान तुमच्यासमोर उघडतो. नसलं, तर ही सूची सगळ्यांदेखत मागे घेतो."

मंगळवारी पार्सल आलं. मिस्त्रीने हात दोनदा ऐवजी तीनदा धुतले. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये अंक घट्ट बसवला होता, तो त्याने हळूहळू सरकवत बाहेर काढला. तोच तो निळा, तेच पंख, तोच वास. त्याने अंक जमिनीवर पसरला, गुडघे कुरकुरत असताना पालथा पडला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागला. बायको दारातून बघत होती. तिला हसू येत होतं आणि थोडं भरूनही येत होतं. नवरा इतका खूश तिने लग्नातही पाहिला नव्हता.

छत्तिसाव्या पानावर मारामारी होती.

सदतिसाव्यावरही. तेहतीसपासून चाळीसपर्यंत आठ पानं नुसती हाणामारी, मोठमोठ्या अक्षरांत धडाम आणि फटाक. जिना नाही, मुलगा नाही. मिस्त्रीने सगळी पानं मोजली, बहात्तर, बरोबर. भिंग आणून मधल्या पिना पाहिल्या. पिनांचा गंज कागदावर जिथल्या तिथे उमटला होता, म्हणजे कोणी पानं बदललेली नव्हती. दुसरी आवृत्ती निघाली होती का, ते त्याने तीन वेगवेगळ्या जुन्या जाहिरातींत पाहिलं. नव्हती निघाली. इतकी वर्षं डोंगर पोखरला आणि उंदीरसुद्धा निघाला नाही.

वकील जिंकणार याचं दुःख झालं, पण ते तेवढ्यापुरतं. खरी गोष्ट बुधवारी कळली. एका चौदा मजली इमारतीत तो टपावर चढायला गेला, सवयीने मनात म्हणाला, तिचं बोट धर, आणि लगेच दुसरा विचार आला, हे कोण म्हणालं? कोणीच नाही. असं कुठेच लिहिलेलं नाही. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या पोटऱ्या लटपटल्या. तो पाय मागे घेऊन जिन्यावर बसून राहिला. खाली साहाय्यकाला सांगितलं, पाठीत उसण भरली आहे. निवृत्तीला आठ महिने होते. आठ महिने पाठीत उसण भरून कसं चालायचं?

गुरुवारी त्याने काम दुसऱ्यावर ढकललं. शुक्रवारी रजा टाकली. शनिवारी सकाळी बायकोने चहाचा कप त्याच्यासमोर जरा जोरातच ठेवला.

"अहो, एक विचारू? तुम्ही तेव्हा सहा वर्षांचे. तुम्हाला वाचता येत होतं का?"

"नाही. अक्षरं नुकती गिरवत होतो."

"मग ते पुस्तक वाचून कोण दाखवायचं?"

मिस्त्रीचा कपाकडे गेलेला हात थांबला. "ताई," तो म्हणाला.

"मग जाऊन ताईंना विचारा ना. भिंगाला काय विचारता?"

आता हे याला आधी का सुचलं नाही, असं कोणीही विचारेल. सुचलं नाही असं नाही. पण त्या पुस्तकाचं नाव काढलं की ताई विषय बदलत असे. दूध उतू जातंय म्हणून उठे, आणि गॅसवर दूधच नसे. मिस्त्रीला वाटे, तिला हे सगळं पोरकट वाटतं. म्हणून त्याने विचारायचं सोडलं होतं.

ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. आईचं शिवणकाम तिने पुढे चालवलं होतं. बाहेरच्या खोलीत मशीन, टेबलावर शाळेच्या गणवेशांचे ढीग, आणि भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले कागदी नमुने. नमुना म्हणजे कापड बेतताना वर ठेवायचा कागद. पाठ, बाही, कॉलर, प्रत्येक भागाचा वेगळा कापून ठेवलेला, प्रत्येक जुडग्यावर वय लिहिलेलं. मिस्त्री आला तेव्हा ती तोंडात दोन टाचण्या धरून बाही जोडत होती.

"छोट्या, आज शनिवारचा कसा काय?" टाचण्या काढून ती म्हणाली. सत्तावन्न वर्षांच्या, टक्कल पडलेल्या माणसाला छोट्या म्हणणारी जगात ही एकच बाई उरली होती.

तो म्हणाला, सहज. मग हवेबद्दल बोलला, तिच्या गुडघ्यांबद्दल बोलला, मशीनच्या पट्ट्याबद्दल बोलला.

"ताकाला येऊन भांडं लपवू नकोस," ताई म्हणाली. "काय झालं?"

मग त्याने सगळं सांगितलं. पार्सल, पान छत्तीस, वकील. आणि लिफ्टच्या टपावर लटपटलेल्या पोटऱ्यांचंही सांगितलं, जे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. "ताई, तो मुलगा आणि तो जिना पुस्तकात नाहीच. मग माझ्या डोक्यात आला कुठून? मला तर चित्रसुद्धा आठवतं. पंख मिटलेले, पायरीवर बसलेला."

या वेळी दूध उतू गेलं नाही. ताईने हातातल्या टाचण्या उशीत खोचल्या. मग उठली, भिंतीशी गेली आणि "सहा वर्षं" लिहिलेलं जुडगं खिळ्यावरून काढून त्याच्या मांडीवर ठेवलं.

"उलट करून बघ."

आईने मागून मांजरपाटाचं कापड चिकटवलं होतं, म्हणून कागद इतकी वर्षं टिकले होते. खडूने पांढरे झालेले, कडांना मऊ पडलेले. मिस्त्रीने सर्वांत वरचा, पाठीचा नमुना उलटला. खडूच्या धुळीखाली निळा रंग होता. त्याने बोटाने पुसलं. अर्धा पंख दिसला आणि "धडा" एवढी अक्षरं. पुढचा "म" कात्रीने मानेच्या गोलाईत नेला होता.

"तुझा गणवेशाचा पहिला शर्ट," ताई म्हणाली. "तू शाळेत जायला लागून महिना झाला होता, सोमवारपासून गणवेश सक्तीचा होता आणि आईकडे मोठा कागद नव्हता. वर्तमानपत्र फाटायचं. ती म्हणाली, कुठून तरी जाड, मोठा कागद आण. मला वाटलं, वर ठेवून मापं घ्यायला हवाय, घेऊन झालं की परत मिळेल. मी चमच्याच्या मागच्या टोकाने पिना उघडल्या, मधले दोन ताव काढले आणि पिना पुन्हा वाकवल्या. पाणी भरून परत येते तर आईने चार तुकडे केलेले. तिने कागद पाहिलासुद्धा नव्हता, सरळ कात्री लावली."

"दोन ताव म्हणजे आठ पानं," मिस्त्री म्हणाला. सूचीकाराला मोजल्याशिवाय राहवत नाही.

"तू ते पुस्तक उशाशी घेऊन झोपायचास रे. मी तुला सांगणार कसं? रात्री तू म्हणालास, ताई, वाच. बत्तिसावं पान संपलं आणि पुढे एकदम एकेचाळीस. लोहपंख मार खातोय आणि दुसऱ्या पानावर बरा होऊन उडतोय! तुला वाचता येत नव्हतं, पण तू खुळा नव्हतास. मग मी म्हटलं, छोट्या, इथे मोठी वीज चमकते, डोळे दिपतात. डोळे मिटून ऐकायचं पान आहे हे."

मिस्त्रीला ते आठवलं. डोळे मिटल्याचं आठवलं. ताईच्या फ्रॉकला येणारा मशीनच्या तेलाचा वास आठवला. ते चित्र त्याने पाहिलंच होतं, फक्त पापण्यांच्या आत.

"पन्नास वर्षं, ताई!" तो एकदम उसळला. "पन्नास वर्षं मी जगाला सांगत सुटलोय. मला सांगायचंस ना कधीतरी!"

"चोराच्या मनात चांदणं," ती म्हणाली. "तू कपाट करून घेतलंस, एकेक अंक शोधायला लागलास, तसतशी माझी जीभ आणखी जड व्हायला लागली. वाटायचं, मी कापू दिलं म्हणून हा जन्मभर हिंडतोय. सातवा मिळू नये असंसुद्धा वाटायचं मला. बघ, अशी मी." तिचे डोळे भरून आले. रागावलेला माणूस समोर रडणाऱ्या बहिणीचं काय करणार? त्याने तिच्या हातावर हात ठेवला, आणि मग त्याला काहीतरी सुचलं.

"पण ते वाक्य? भीतीचं बोट धरायचं. बारा वर्षांच्या पोरीला ते सुचलं कुठून?"

"सुचतंय कसलं! तुझा वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता. बाहेरून लोखंडी जिना, पायऱ्यांच्या फटींतून खालची जमीन दिसायची. तू तळाशी भोकाड पसरायचास आणि मी तुझं बोट धरून तुला वर न्यायचे. तेच सांगितलं."

"म्हणजे लोहपंख तू."

"छे रे," ताई म्हणाली. "मलाच त्या जिन्याची इतकी भीती वाटायची. तू बरोबर होतास म्हणून चढायचे."

मिस्त्रीने नमुना पुन्हा चित्राच्या बाजूने पालथा घातला, कारण तो अजून कामाचा होता. ताईने नाक पुसलं. या भागातल्या सहा वर्षांच्या प्रत्येक पोराचा शर्ट याच्यावरूनच बेतलाय, ती म्हणाली, आईचं माप चुकायचं नाही.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," मिस्त्री शेवटी म्हणाला, आणि दोघंही हसत सुटली. हसता हसता मशीनवरचा कैचीचा डबा खाली पडला.

रविवारी सकाळी दहाला तो ताईला घेऊन वाचनालयाशी आला. वरच्या खोलीला बाहेरून गोल लोखंडी जिना होता. ताईने मान वर करून जिन्याकडे पाहिलं, मग आपल्या गुडघ्यांकडे.

"छोट्या, तू जा. मी खाली थांबते."

"खाली एकटं सोडायचं नाही, असं कोण म्हणालं होतं?" तो म्हणाला आणि त्याने बोट पुढे केलं. तिने ते धरलं. दोघं सावकाश वर गेली. सातव्या की आठव्या पायरीवर मिस्त्रीची नजर फटींतून खाली गेली. पोटऱ्या लटपटल्या, पण पाय थांबले नाहीत. सोमवारी चौदा मजली इमारतीत जायचं त्याने तिथेच ठरवलं.

खोलीत वकील पुढच्याच खुर्चीत बसले होते, विजयाची तयारी करून. मिस्त्रीने अंक टेबलावर पसरला आणि छत्तिसावं पान उघडलं. सगळ्यांच्या माना पुढे आल्या. मारामारी होती.

"वकीलसाहेब, तुम्ही बरोबर. मी चूक," तो म्हणाला. त्याने सूचीची चोपडी काढून वकिलांपुढे ठेवली. "शब्दाप्रमाणे मागे घेतो." आणि मग त्याने चोपडीशेजारी सहा वर्षांच्या पोराच्या शर्टाची कागदी पाठ ठेवली, चित्राची बाजू वर करून, आणि ती तिथे कशी पोचली ते सांगितलं. सांगताना तो एका जागी अडला, तेव्हा ताईने खुर्चीतूनच पुढचं वाक्य पुरं केलं.

वकिलांनी चष्मा पुसला. नमुना अंकावर ठेवून पाहिला. अर्धा पंख अर्ध्या पंखावर बरोबर बसला.

"मिस्त्री, सूची मागे घ्यायची गरज नाही," ते म्हणाले. "नोंद दुरुस्त करा. हे पान त्या एकाच प्रतीत होतं, आणि ती प्रत वाचणारी बाई इथे हजर आहे. साक्षीदार हजर असताना पुरावा नाही असं कसं म्हणायचं?" मग ते ताईकडे वळले, आणि या खोलीत कोणी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "ताई, आम्हाला ते पान ऐकवाल?"

ताई संकोचली. तिने पदराशी चाळा केला, भावाकडे पाहिलं. मग ती टेबलाशी आली आणि अंकाच्या डाव्या बाजूला बसली, तेव्हा बसायची तशी. मिस्त्री उजवीकडे बसला.

"आधी सगळ्यांनी डोळे मिटा," ती म्हणाली. "इथे मोठी वीज चमकते."

दहा-बारा पिकल्या डोक्यांनी मुकाट्याने डोळे मिटले. वकिलांनी तर चष्मा काढून, चांगले घट्ट मिटले. या खेपेला मिस्त्रीने एकट्याने उघडे ठेवले, कारण हे पान वाचताना ती कशी दिसते ते त्याने कधीच पाहिलं नव्हतं. तिने समोरच्या छापील पानाकडे बघितलंही नाही. तिनेही डोळे मिटले होते, आणि तिचा हात टेबलावरून सरकत त्याचं बोट शोधत होता.